उतरवून घेतलेला आवाज

मी लातूरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचे. शिकवत नव्हते, सांभाळत होते. हा फरक माझ्या सासरच्या मंडळींना अजून पटलेला नाही. लग्नाकार्यात कुणी ओळख करून देतं, "या त्या मोठ्या क्लासमध्ये होत्या," आणि समोरचा लगेच विचारतो, "फिजिक्स का केमिस्ट्री?" मी म्हणते, "सर्व्हर." मग तो माणूस जिलेबीच्या ताटाकडे वळतो.

नोकरीची सुरुवात माझी नांदेडची. तिथल्या एका तंत्रनिकेतनात मी प्रयोगशाळा सहायक होते. मग यजमानांची बदली लातूरला झाली, मी मागोमाग आले आणि राहिले ती कायमची. तेव्हा लातूरला क्लासचा नुसता पूर आलेला होता. दहावीचा निकाल लागला की हिंगोली, परभणी, बीडकडून एसट्या भरून पोरं उतरायची. पाठीवर गादीची वळकटी, हातात स्टीलचा डबा, मागे आई पदर सावरत. ज्यांच्या घरात वरचा मजला रिकामा होता, त्या सगळ्यांनी त्याचं होस्टेल केलं. आमच्या क्लासला पोरांची माहिती, हजेरी आणि सराव परीक्षांचे मार्क ठेवायला कॉम्प्युटर लागले, आणि ते बघायला मी.

काम काय, ते बाहेरच्यांना सांगायचं तर असं. आज तुम्हाला मोबाइलवर काही हवं असलं की तुम्ही चित्रावर बोट ठेवता आणि ते येतं. आमच्या मशीनवर लिनक्स होतं. तिथे चित्रंबित्रं फार नव्हती. एक काळा पडदा उघडायचा आणि त्यावर लिहून मागायचं. जगात कुठंतरी मोठमोठी भांडारं असतात. भल्या माणसांनी लिहिलेले हजारो प्रोग्रॅम तिथे बांधून, नाव घालून, रचून ठेवलेले असतात, कुणीही न्यावेत. त्या बांधलेल्या गठ्ठ्याला म्हणायचं पॅकेज. 'अॅप्ट-गेट इन्स्टॉल' एवढं लिहायचं, पुढे पॅकेजचं नाव लिहायचं आणि एंटर मारायचा. मशीन भांडारात जाऊन शोधतं, मग तुम्हाला विचारतं, एवढं एवढं सामान उतरवायचं आहे, पुढे जाऊ का? आपण 'वाय' दाबायचं. झालं.

झालं म्हणजे, होईलच असं नाही. एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. उदगीरच्या एका मावशीला लग्नाला बोलावलं की ती तिची जाऊ, जावेची लेक आणि लेकीची नणंद घेऊन येते, तसं. त्यातली एक जरी रुसली तरी कुणीच गाडीतून उतरत नाही. माझी उमेदीची वर्षं बरीचशी या रुसव्याफुगव्यांत गेली. पण एक सांगते, मागितलेलं सगळं रांगेनं उतरलं आणि मशीननं पुन्हा मुकाट्यानं पुढची ओळ दिली, की जिवाला जे बरं वाटतं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. पुरणपोळी न फाटता उलटली की वाटतं, त्याच्या जवळपासचं.

आता सुमनताईंचं सांगते. हा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला.

क्लासच्या दारातून आत आलं की जिन्याखाली एक टेबल होतं. त्यावर फोन आणि टेबलामागे सुमनताई. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण सगळे ताई म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. त्यांना दिसत नव्हतं. फोन वाजला की त्या उचलायच्या आणि पलीकडचा 'हॅलो' म्हणतो न म्हणतो तोच बोलायच्या, "कोण, मुदखेडचे काका का? पोराची सर्दी बरी हाय आता. काल शिंकला न्हाई." शेकडो पालक. एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नसत. हिमायतनगरच्या एका बाई तर लेकराची चौकशी झाल्यावरही फोन ठेवत नसत, स्वतःच्या गुडघ्यांचं सांगत बसत. ताई सगळं ऐकून घ्यायच्या.

एका उन्हाळ्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणजे क्लासचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा क्लास त्यांच्याही पुढे पळत होता.

"मॅडम, जूनपासून सगळी चौकशी कॉम्प्युटरवर घ्यायची. पालकाचा फोन आला की जो फोनवर असेल त्यानं तिथल्या तिथं पोराची हजेरी, मार्क उघडून सांगायचे. आता ताईंना ते कसं जमायचं? त्यांना आतल्या पुस्तकांच्या खोलीत बसवू."

"तिथे काय करतील त्या?"

"बसतील," सर म्हणाले.

मी बाहेर आले. ताईंच्या टेबलाशी थांबले नाही, कारण थांबले असते तर काय बोलावं ते कळत नव्हतं. पण पावलांवरून माणूस ओळखणाऱ्या बाईपासून तुम्ही काय लपवणार?

"मॅडम," त्यांनी हाक मारली. "मला आत टाकून राहिलेत का?"

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, अजून तसं ठरलेलं नाही.

"आत लई सामसूम असती," त्या म्हणाल्या. "बाकी काय बी चालंल. मला सामसूम सोसत न्हाई." आणि मग आपणहून, आवाज जराही न बदलता त्यांनी मला भूकंपाचं सांगितलं. इतकी वर्षं आम्ही रोज बोलत होतो, पण तोवर त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. लातूरला कुणी कुणाला ते विचारत नाही.

"आमचं घर माळवदाचं, वर मातीचं छत. दगडाच्या ह्या एवढाल्या भिंती. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, समदी दमून निजलेली. पहाटं घर अंगावर आलं. आई हालली न्हाई. धाकटी बहीण बाजूला होती, ती थोडा येळ बोलत होती माझ्याशी. मग थांबली. मी थांबले न्हाई, मॅडम. आरत्या म्हणले, पाढे म्हणले, कविता म्हणले शाळेतल्या. आबा, माझा बाप, बाहेर होता. तो माझ्या आवाजाच्या मागं मागं उकरत आला. मी गप बसले असते तर त्यानं दुसरीकडंच उकरलं असतं."

डोक्याला मार होता. नजर एकदम नाही गेली, पुढच्या काही महिन्यांत विझत गेली. त्या तेव्हा अकरावीत होत्या.

त्या पहाटे मी नांदेडला होते. आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजली आणि मांजरानं पाडली असतील म्हणून मी कूस बदलली. मग रेडिओवर बातम्या. मग कॉलेजात कपडे, भांडी, धान्य गोळा करणं. एवढाच माझा त्या भूकंपाशी संबंध. ताई सांगत होत्या आणि मला नुसती ती वाजलेली भांडी आठवत होती.

मी त्यांना कसला शब्द दिला नाही. पण भांडारात असं एक पॅकेज असतं, हे मला ठाऊक होतं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते वाचून दाखवणारं. नाव ऑर्का, म्हणजे समुद्रातला एक देवमासा. आमच्याकडे समुद्र नाही, मासा कुठला! त्याच्या जोडीला दुसरं एक पॅकेज लागायचं, प्रत्यक्ष आवाज काढणारं. मी सरांना सांगितलं, मला जूनपर्यंत वेळ द्या. ते म्हणाले, "बघा. पण ऍडमिशनच्या गर्दीत प्रयोग नकोत." त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मागणी लिहिली, वाय दाबलं. थोडं उतरलं आणि इंटरनेट गेलं. पुन्हा मागितलं, पुन्हा थोडं उतरलं, पुन्हा गेलं. तेव्हाचं आमचं इंटरनेट म्हणजे उन्हाळ्यातल्या नळासारखं, सूं सूं आवाज आणि चार थेंब. एकदा वीज गेली, एकदा रस्त्यात खोदकाम करणाऱ्यांनी तार तोडली. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा यायची, की अमुक वस्तू आणता आली नाही. असा आठवडा गेला. शेवटी मी नांदेडला रफियाला फोन लावला.

रफिया माझी तंत्रनिकेतनातली जोडीदारीण. तोवर ती तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब बघत होती. तिच्याकडे चांगली लाइन होती, आणि मला माहीत होतं की तिनं अख्खं भांडार हळूहळू उतरवून एका हार्डडिस्कवर भरून ठेवलं होतं. सगळंच्या सगळं, लागो न लागो. तिच्या अम्मीनं लोणच्याच्या बरण्या भराव्यात तसं.

"ये ना, घेऊन जा," ती म्हणाली. "कॉपी करते तुझ्यासाठी. पण फोनवर काय मागतेस गं, नांदेड का विलायतेला हाय?"

अहमदपूर, लोहा करत मी नांदेडला गेले. रफियानं आधी जेवू घातलं, मग डिस्क दिली. टॉवेलमध्ये गुंडाळलेली, दोरीनं बांधलेली. "हल्लू ने. आपटली तर सगळी दुनिया गेली समज."

परतीच्या एसटीत मी ते गाठोडं मांडीवर धरून बसले. माळेगावच्या पुढे रस्ता असा, की मी प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी ते वर उचलायचे. कंडक्टर बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, मूर्ती हाय का?"

म्हटलं, "तसंच काहीतरी."

त्यानं पुढच्या बाकावरच्या माणसाला उठवलं आणि मला तिथे बसवलं. "फुडं बसा, मागं लई उसळती गाडी."

लातूरला आल्यावर मी डिस्क ताईंसाठी ठेवलेल्या मशीनला जोडली. मशीनला सांगितलं की भांडार आता इंटरनेटवर नाही, या डब्यात आहे, इथूनच घे. ताई शेजारी बसल्या होत्या, हात मांडीवर, लग्नातल्या नवरीसारख्या गप्प. मी मागणी लिहिली. मशीननं विचारलं, पुढे जाऊ का? मी ताईंचं बोट धरून वायवर ठेवलं. "दाबा."

त्यांनी दाबलं. सगळं सुरळीत उतरलं. कुणी रुसलं नाही. मी ऑर्का सुरू केलं, पडद्यावर चौकट आली, म्हणजे चालू होतं, आणि आवाज मात्र नाही. काहीच नाही.

मी तारा बघितल्या. स्पीकर बदलला. पुन्हा सुरू केलं. चौकट हजर, आवाज गायब. दुपार सरत आली. मी पडद्याकडे बघत होते, आणि माझ्या मनात पुस्तकांची खोली येऊन राहिली होती. ताईंनी तेवढ्यात हात पुढे करून चाचपत स्पीकर शोधला, उचलला आणि फोनसारखा कानाला लावला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "आत कुणीतरी बोलून राहिलंय. लई हळू. लई लांबून."

मी स्पीकर घेऊन कानाला लावला. मला काही ऐकू आलं नाही, पण त्यांच्या कानावर माझा विश्वास होता. म्हणजे आवाज तयार होत होता, फक्त कुठेतरी दाबलेला होता. या मशीनमध्ये आवाजाच्या तीन-चार वेगवेगळ्या किल्ल्या असतात. मी पडद्यावरच्या सगळ्या बघितल्या होत्या. आतली एक राहिली होती, ती नव्या मशीनवर मुळातच बंद असते. काळ्या पडद्यावरून ती उघडली, आणि स्पीकर ताईंच्या हातात असतानाच असा ओरडला की त्यांनी तो टाकलाच खाली. मग आम्ही दोघी हसत सुटलो. जिन्यावरून जाणारी पोरं थांबून बघायला लागली.

आवाज पुरुषाचा होता, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा. आणि हिंदी. मराठी आवाज तेव्हा त्या डिस्कवर नव्हता, तो पुढे कितीतरी वर्षांनी आला. अक्षरं तीच म्हणून मी हिंदी आवाजाला मराठी वाचायला लावलं. तो ज्ञानेश्वरला ग्यानेश्वर म्हणायचा, आणि चहा, चाकूर, चांगला यातला आपला 'च' त्याला जन्मात जमला नाही. 'च्याकूर' म्हणायचा, चिवड्यातला च लावून.

ताईंनी मन लावून ऐकलं. "ह्यो बिदरकडचा दिसतो," त्या म्हणाल्या. "असू दे. पाहुणा हाय, शिकंल."

त्यांना टायपिंग येत होतं. नजर गेल्यावर एका संस्थेत शिकल्या होत्या. पण टाइप केल्यावर ते बरोबर आहे का हे दुसऱ्या कुणीतरी बघून सांगावं लागे, आणि सांगणाऱ्याला दरवेळी वेळ असतोच असं नाही. मी त्यांच्यापुढे कीबोर्ड सरकवला. त्यांनी पूर्ण नाव लिहायला घेतलं. प्रत्येक अक्षराला तो पाहुणा बोलत होता. सु. म. न. पुढे वडिलांचं नाव. मध्येच त्या थांबल्या. मान जराशी कलती केली. मागे गेल्या, एक अक्षर खोडलं, दुसरं लिहिलं, पुन्हा ऐकलं.

मग कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले. मी विचारलं, "काय झालं, ताई?"

"मॅडम, चुकलं होतं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलेलं पहिल्यांदा मला आधी कळलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मशीनच्या मागे वाकून उगीच एक तार काढली आणि पुन्हा घातली.

मे महिनाभर त्या शिकल्या. कानात एका बाजूला मशीनचा हेडफोन, दुसऱ्या कानाला टेलिफोन. जूनच्या गर्दीत सर दोनदा येऊन टेबलामागे उभे राहून गेले. दुसऱ्यांदा गेल्यावर पुस्तकांच्या खोलीचा विषय निघाला नाही. माझ्या निवृत्तीनंतरही ताई त्याच खुर्चीवर होत्या. मराठी आवाज भांडारात आला तेव्हा मी तो हौसेनं उतरवून दिला. त्यांनी तो वापरला, पण म्हणायच्या, आधीचा पाहुणा बरा होता, त्याचं ऐकून हसू तरी यायचं.

मला स्वतःला त्या सगळ्याचं मोल कळलं ते जूनमध्ये नाही, दिवाळीच्या आधी. सराव परीक्षेचे मार्क कॉम्प्युटरवर चढले होते. पूर्वी ताईंना मार्क हवे असले की त्या पलीकडच्या कारकुनाला विचारायच्या, आणि तो हॉलभर ऐकू जाईल असा आकडा ओरडायचा. फोनवरच्या बापाच्या आधी सगळ्या जगाला कळायचं. मी त्या दिवशी त्यांच्या टेबलाखाली बसून एक सॉकेट बसवत होते. रेणापूरकडच्या एका गावाहून एका वडिलांचा फोन आला. त्यांची अश्विनी आमच्याकडे अकरावीला होती. पहिल्यांदाच घर सोडून आलेली, घरी फोन लावायला रोज टेबलाशी यायची.

ताईंनी कळा दाबल्या. हेडफोनमधला आवाज मला ऐकू येत नव्हता, पण त्यांचा चेहरा मी खालून बघत होते. त्यांनी ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. मग टेलिफोनमध्ये म्हणाल्या, "काका, सोयाबीन निघालं का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"मार्क हायेत माझ्यापाशी. तुम्ही रविवारी या. काकूला बी आणा, आन् घरचं काहीतरी घेऊन या खायला. पोरीचा आवाज बारीक झालाय पंधरा दिस. जेवत न्हाई ती नीट."

रविवारी दोघं आले. बाकावर फडकं पसरलं. धपाटे, ठेचा, दह्याचा डबा. अश्विनी वरून उतरली, आईला बघून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच उभी राहिली, मग येऊन दोघांच्या मध्ये बसली. आधी मान खाली घालून खात होती. मग एकेक बोलायला लागली. मैत्रिणीचं, मेसच्या वरणाचं, खिडकीतल्या कबुतराचं.

सर बाहेर निघाले होते, ते बघून थबकले. ताईंच्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाले, "यांना मार्क सांगितले का? पालकांना लगेच सांगायचं ठरलंय आपलं."

"सांगायचेत की, सर," ताई म्हणाल्या. "पोरगी जेवून राहिलीय."

सरांनी बाकाकडे बघितलं. तेवढ्यात अश्विनीच्या वडिलांचं लक्ष गेलं. "सर, या की. धपाटा घ्या." सरांनी घड्याळाकडे बघितलं, आणि घेतला. उभ्यानंच खाल्ला, पण पूर्ण खाल्ला.

जेवणं उरकली, डबे बंद झाले, तेव्हा ताईंनी अश्विनीला जवळ बोलावलं. आपल्या कानातला हेडफोन काढला, चाचपत तिच्या कानाला लावला आणि कळ दाबली. पोरगी ऐकत राहिली. आम्हा कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. ओठ दाताखाली धरून ती थोडा वेळ उभी राहिली. ताईंचा हात तिच्या मनगटावर होता. मग तिनं हेडफोन स्वतःच्या हातानं काढून टेबलावर ठेवला आणि वळून म्हणाली, "आबा, लई कमी पडलेत."

बापानं धोतराला हात पुसले.

"हाव का?" तो म्हणाला. "बरं. मग फुडल्या रविवारी बी येतो."